आधी शिवला

पातूरच्या मैनाबाईला पौष वद्य एकादशीस, सोमवारी, सकाळच्या प्रहरी अकोल्याच्या कापूस बाजारातून दगड मारून हाकलण्यात आलं. तिचा अपराध एवढाच, की तिच्या बोटातून रक्त आलं आणि ते तिला कळलं नाही.

महारोग झालेल्या माणसाच्या बोटांना कळत नाही. काटा रुतला तरी नाही, निखारा लागला तरी नाही. मैनाबाई तोंडावर पदर ओढून, हाताला चिंध्या गुंडाळून बायांच्या ओळीत अगदी शेवटी बसायची आणि कापसातली काडी-पत्ती वेचायची. तिकडे अमेरिकेत लढाई लागल्यापासून आपल्या कापसाला असा भाव आला होता, की वेचणारे हात कुणाचे हे कुणी पाहत नव्हतं. त्या दिवशी पांढऱ्या ढिगावर तांबडा डाग दिसला. मुकादमानं काठीच्या टोकानं तिच्या हाताची चिंधी उचकटली आणि खालची बोटं सगळ्या बाजारानं पाहिली.

बाईला हाकललं. कापूस हाकलला नाही. डाग पडलेला तेवढा काठीनं उडवून लावला आणि बाकीचा, तिनं इतके दिवस वेचलेला सगळा, गाठी बांधून रवाना केला. म्हणजे विटाळ बाईला होता, मालाला नव्हता. हे मी तेव्हाच कागदावर लिहून चावडीच्या भिंतीला लावलं होतं. दुपारपर्यंत कुणीतरी फाडलं. म्हणून इथे पुन्हा लिहून ठेवतो.

पण मला सांगायचं आहे ते सखाराम फुलाऱ्याबद्दल. त्याला मी पहिल्यांदा नीट पाहिला तो त्याच सकाळी.

दगड पडत होते, आणि डोक्यावर मेथीची पाटी घेतलेला एक काळा, उंच, खांद्यातून जरा वाकलेला माणूस रस्त्यानं चालला होता. त्यानं पाटी खाली ठेवली. घाई नाही, ओरडणं नाही. सरळ दगडांतून चालत गेला आणि बाईच्या समोर उकिडवा बसला. एक दगड त्याच्या पाठीत बसला, तो त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिला नाही. म्हणाला, "माय, नाव काय तुमचं?"

 तिला कुणी नाव विचारलं त्याला किती काळ लोटला असेल, देव जाणे.

त्यानं तिचा रक्ताळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आपल्या पागोट्याचं टोक फाडलं आणि बांधायला लागला. तेव्हा दगड थांबले. दयेनं नाही, किळसेनं.

मुकादम ओरडला, "अबे सखाराम! शिवला काय तिले?"

"हाव. शिवलो."

"बाटला ना बे तू!"

"मी तं मेलो हावो गा," सखाराम गाठ मारता मारता म्हणाला. "मेल्याले कोन बाटवते?"

बाजार हसला. माणूस रक्तानं माखलेला समोर बसला आहे आणि बाजार हसतो आहे. पण हसण्याचं कारण होतं, आणि ते कारण अकोल्यात सगळ्यांना माहीत होतं. सखाराम खरोखरच मेलेला होता.

त्याचं असं झालं. मोर्णेच्या काठी त्याच्या घराचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्याला झेंडू. एक पाद्री दोन हिवाळे अकोल्यात राहून गेला, तो त्याच्याकडून भाजी घ्यायचा. भाजी देता-घेता बोलणं वाढलं आणि एक दिवस सखाराम किरिस्तांव झाला. पाद्रीनं नवं नाव दिलं ते त्याला धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून तो सखारामच राहिला. पण त्याच्या जातीनं पंचायत भरवून ठरवलं, की हा मेला. धाकटा भाऊ नथ्थू यानं पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला सखारामचं जुनं धोतर नेसवलं आणि नदीकाठी जाळला. दहाव्याला पिंड ठेवला. कावळा येईना.

आता हे सगळ्यांना ठाऊकच आहे, की कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली. मग घरचे एकेक वचन देतात. नथ्थूनंही दिलं. "दादा, मळा संभाळीन." कावळा नाही. "दादा, वयनीले उपाशी ठेवनार नाही." कावळा नाही. दोन घटका झाल्या, ऊन वर आलं, भटजी चुळबूळ करू लागले. तेवढ्यात बाभळीमागून सखाराम स्वतःच आला, पिंडासमोर मांडी घालून बसला आणि भाताचा गोळा उचलून खाऊ लागला.

"कावळ्याले कामं असतीन," तो म्हणाला. "मले भूक लागली होती, नथ्थू. दुसरी काही इच्छा नव्हती."

माणसं पळाली. भटजी पंचा सोडून पळाले. ही गोष्ट तो स्वतः सांगायचा, आणि सांगताना त्याच्या ओठाची एक कड तेवढी हलायची. पण तिचा शेवट तो सांगत नसे, तो मला दुसऱ्यांकडून कळला. त्याच दिवशी त्याच काठावरच्या दगडावर त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या होत्या. नवरा जिवंत, आणि ती विधवा. पुढे ती नदीवर धुणं घेऊन यायची तेव्हा तो पलीकडच्या काठानं पाणी भरत असायचा. ती मान वर करत नसे. मी एकदा तावातावानं म्हणालो, की याच्यावर मी लिहितो, हा अन्याय आहे. तो म्हणाला, "लिहा. पन त्यात माहं नाव बी लिहा. तिचं कपाळ मीच पुसलं. मले कोनी जबरदस्ती केली नव्हती." मी ते लिहिलं नाही. मला दुष्ट लोक हवे होते, आणि त्यात तो बसत नव्हता.

नाल्यापलीकडे, वीटभट्टीच्या मागे त्यानं एक लांबट झोपडी घातली होती. तिथे महारोगी राहत. कधी सात, कधी बारा. कुणी चालत आलेला, कुणी टाकून दिलेला. मैनाबाईला त्यानं त्या सोमवारी तिथेच नेलं.

तो गोड माणूस नव्हता, हे आताच सांगतो, कारण अशा माणसांचं वर्णन करताना लोक साखर पेरतात. तो रोग्यांशी भांडायचा. लिंबाच्या पाल्याचं उकळलेलं पाणी घेऊन तो सकाळी जखमा धुवायला बसे आणि कुणी पाय पुढे करायला कुरकुर केली, की ओरडे, "काढा तो पाय! का पाय बी मेला तुमचा?" पण ओरडतानाही अहो-जाहो. भीक मागत फिरलेला, दहा गावांच्या शिव्या खाल्लेला माणूस, त्यालाही "तुमी". झोपडीत भजन नाही, उपदेश नाही. त्याला वाचता जेमतेम यायचं. पाद्रीनं वाचून दाखवलेली एकच गोष्ट त्यानं घट्ट धरून ठेवली होती, आणि तिच्यावरून तो भेटेल त्याला एक प्रश्न विचारी. शाळेच्या पंतोजींना विचारी, मुसलमान गाडीवानाला विचारी. मला तर पहिल्याच दिवशी विचारला.

"हे पाहा कागदवाले," तो म्हणाला. माझं नाव त्यानं तेच ठेवलं होतं. "येशूजवळ एक महारोगी आला. लोक सरकले मांगं. येशूनं हात लांब केला, त्याले शिवला, अन तो बरा झाला. आता सांगा, आधी काय केलं?"

"शिवला."

"पक्कं?"

"तुम्हीच तर सांगितलंत."

"मंग झालं तं! आधी बरा करून मंग शिवला असता, तं त्यात काय मोठं? बऱ्या मानसाले तं माहा नथ्थूबी शिवते. आधी शिवला. मंग बरा केला." आणि मग खाली पाहून, जखमेवरची माशी उडवत, "बरं करनं मले येत नाही. ते त्याचं काम. पहिलं काम मले येते, तेवढं करून राहिलो."

एवढाच त्याचा धर्म होता. मला बरीच शास्त्रं ठाऊक आहेत. त्यांतलं एकही इतकं लहान नाही.

मैनाबाई पातूरजवळच्या कुणब्याच्या घरची, बऱ्यापैकी काळ्या जमिनीची मालकीण होती. अंगावर चट्टे उठले तेव्हा मुलानं सांगितलं, "माय, तुले रिद्धपूरले नेतो. तिथं बरं वाटते लोकाईले." ती लुगडी बांधून, नवसाचा नारळ घेऊन बैलगाडीत बसली. अकोल्याला गाड्यांच्या तळावर तो पाणी आणतो म्हणून उतरला. दिवस मावळेपर्यंत ती नारळ मांडीवर घेऊन बसून होती. रिद्धपूर तिनं कधी पाहिलं नाही. हे ती रडत सांगत नसे. "नारळ मीच फोडून खाल्ला मंग," म्हणायची, "देवाले तरी काय ठाव, मी कोठी हावो ते."

माघात पातूरचा एक गाडीवान कापूस घेऊन आला, त्यानं लांबूनच बातमी सांगितली. गणपतनं, म्हणजे तिच्या मुलानं, गावात सांगितलं होतं की माय वाटेत वारली. क्रिया केली, तेरवी केली, गाव जेवलं. दहाव्याला कावळा शिवत नव्हता. गणपतनं बरंच काही कबूल केलं आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "माय, घरात नातू होऊन राहिला. झाला का तुले दाखवीन." तेव्हा कावळा उतरला. आणि नातू झालाही होता. महिन्याचा होता.

मैनाबाईनं हे ऐकलं आणि तीन दिवस जेवली नाही. तिच्या डोळ्यांवरही रोग आला होता. पापण्या मिटत नव्हत्या, नजर दुधाळ झाली होती. चौथ्या दिवशी ती सखारामला म्हणाली, "भाऊ, दिसून राहिलं तवर एकडाव पाहू द्या मले ते लेकरू. मंग मी काही मांगत नाही."

मी म्हणालो, अर्ज लिहू. साहेबाकडे लिहू. सखाराम हसला, मी त्याला हसताना पाहिलं ते त्या एकाच वेळी. "अर्ज कायले? त्यानं कावळ्याले शब्द देल्ला. वऱ्हाडातला मानूस मायले देल्लेला शब्द मोडन, कावळ्याले देल्लेला मोडत नाही."

कोणी गाडी देईना. त्यानं मोडक्या खाचरीची, म्हणजे छोट्या बैलगाडीची, दोन चाकं घेऊन एक ढकलगाडा जुळवला, त्यात कडबा पसरला, बाईला बसवलं आणि पातूरची वाट धरली. मी सोबत गेलो. दोन दिवस लागले. समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या, बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा. आम्हाला पाहून गाडीवान बैल शेतात घालत, उभं पीक तुडवत, पण शेजारून जात नसत. मैनाबाई गाड्यात पाठमोरी बसली होती. एकदाच बोलली, "भाऊ, रिद्धपूरलेच जाऊन राहिलो ना आपन?" आणि स्वतःच खुदकन हसली. सखाराम नाही हसला.

गावाबाहेर तिच्याच शेताच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, आम्ही थांबलो. निरोप गेला. गणपत आला. मी मनात त्याचं राक्षसासारखं चित्र काढून ठेवलं होतं. आला तो हडकुळा, डोळे तांबारलेला, तिशीच्या आतला माणूस. गाड्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"गणपतराव, नातू दाखवा," सखाराम म्हणाला.

"कोनाले?"

"तुमच्या मायले."

"माय मेली. तेरवी झाली."

"माही बी झाली. पोटभर जेवलो मी. ते राहू द्या. कावळ्याले शब्द देल्ला का नाही तुमी?"

"देल्ला. अन पाळला." गणपत एका दमात बोलू लागला, जणू हे त्यानं पुष्कळदा मनात म्हटलं होतं. "बारशाच्या दिवशी नदीवर भात ठेवला. पोट्टं वर धरलं. कावळा आला, भात नेला. मायनं पाह्यलं नातवाले."

गाड्यातून आवाज आला, "गणपत, मी नाही पाह्यलं रे बापा."

तो आवाज ऐकून त्या माणसाचा पाय उचलला गेला. मी पाहिलं. एक पाऊल गाड्याकडे पडलंसुद्धा. आणि तिथेच थांबला. जमिनीकडे पाहत तो सखारामलाच म्हणाला, "घेऊन जा त्याईले. बहिणीची सोयरीक जमून राहिली. गावाले समजलं तं सगळं मोडते. मी वाईट मानूस नाही, भाऊ. तुमाले काय, तुमच्या मांगं कोनी नाही."

 मला वाटलं, आता सखाराम काहीतरी सणसणीत बोलेल. त्याला मुकादमाला उत्तर देता आलं होतं, पंचायतीला देता आलं होतं. इथे तो नुसता उभा राहिला, गाड्याचा दांडा धरून.

गणपत वळला तेव्हा शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावर एक बाई येऊन उभी होती. सून. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिनं फडक्यात गुंडाळलेलं मूल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. एक अख्खं शेत मध्ये, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या वाऱ्यावर खडखडत होत्या.

मैनाबाई मान इकडे फिरवी, तिकडे फिरवी. "कोठी? भाऊ, कोठी हाये?"

तिला दिसत नव्हतं. तेवढ्या लांबचं तिला दिसणं शक्यच नव्हतं, आणि हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं. दहा कोस आलो, आणि हे ध्यानात आलं नव्हतं.

सखारामनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि शेतापार ओरडला, "वो बाई! पोराले चिमटा घ्या!"

सून क्षणभर तशीच उभी राहिली. मग मूल खाली घेतलं. आणि मग ते रडलं. वाऱ्याबरोबर, पऱ्हाट्यांच्या खडखडाटातून, बारीक पण स्वच्छ, ते रडणं आमच्यापर्यंत आलं. मैनाबाईनं मान फिरवणं थांबवलं. कान त्या दिशेला केला, तोंड उघडं राहिलं.

"गळा मोठा हाये," ती म्हणाली. "गणपत असाच रडे."

गणपत पाठ करून उभा होता. त्यानंही हे ऐकलं असणार.

ती चैत्रात गेली, सकाळी, पाणी पिता पिता. तिनं शेवटपर्यंत आपला देव सोडला नाही, आणि सखारामनं कधी सोडा म्हटलं नाही. नारळाचं वाक्य मात्र ती मरेपर्यंत म्हणत होती.

आता पुढचं लिहितो, कारण त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

तिरडीला चार माणसं लागतात. झोपडीत चालू शकणारे दोघे होते. एकाला पायाची बोटं नव्हती, दुसऱ्याला दिसत नव्हतं. सखाराम तिसरा. चौथ्यासाठी तो अकोल्यात फिरला. नथ्थूच्या दारात गेला, दार आतून लागलं. शेजारच्या मळ्यात गेला, ते म्हणाले, पाणी सोडलं आहे, हात मोकळा नाही. कापूस बाजारात गेला. मुकादम म्हणाला, "तुया येशूले लाव ना खांद्याले." बाजार पुन्हा हसला. ऊन चढत होतं. तो परत आला आणि झोपडीसमोर मी उभा होतो, हातात कागद, कानावर लेखणी.

"कागदवाले," तो म्हणाला. एवढंच. 

मी म्हणालो, घरी आई आहे. ते खरं होतं. ती म्हातारी होती, सोवळ्यातली होती, हेही खरं होतं. त्यानं मान हलवली. रागावला नाही. पातूरच्या धुऱ्यावर तो गणपतशी जसा गप्प उभा राहिला होता, तसाच माझ्याशी राहिला. तेव्हा मला समजलं की मी कुणाच्या रांगेत आहे.

पुढचे दोन कोपरे त्या दोघांनी धरले. मागचे दोन्ही बांबू सखारामनं स्वतःच्या दोन्ही खांद्यांवर घेतले, मधे वाकून, डोकं दोन बांबूंच्या मधे अडकलेलं. आंधळा पुढे ठेचकाळत होता, बोटं नसलेला कलंडत होता, आणि प्रत्येक वेळी सगळा भार मागे त्याच्या मानेवर येत होता. ते नाल्याच्या उताराला लागले. मी दहा पावलं मागे चाललो होतो, दहाची अकरा होऊ दिली पण नऊ होऊ दिली नाही. त्याची पाठ दिसत होती, वाकलेली, घामानं काळी. त्याला मान वळवता येत नव्हती. त्यानं वळवून पाहिलं असतं, तर मी अजून मागे आहे हे त्याला दिसलं असतं. उताराच्या खाली बाभळींच्या आड ते तिघे गेले. मी वर थांबलो. त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही. मी आता अमरावतीस असतो, इथेही कापूस आहे, इथेही पत्रकं लावायला भिंती आहेत.

अकोलेकरहो, हे वाचून हळहळू नका. हळहळ मी पुष्कळ केली, तिनं बांबू उचलला जात नाही. नाल्यापलीकडे, वीटभट्टीच्या मागे, तो माणूस अजून तिथेच आहे. तिकडून आलेल्या गाडीवानानं काल सांगितलं, की झोपडीत नऊ जण आहेत, आणि कारंज्याकडचा रामजी म्हणून आहे, तो हा पंधरवडा काढत नाही. सखाराम पुन्हा दारोदार येईल. तुमच्या दारात येईल. त्याला सांगू नका की पाणी सोडलं आहे. आई आहे म्हणून सांगू नका, ते मी सांगून झालो. घरी परतून आंघोळ करा, गोमूत्र शिंपडा, अंगावरचे कपडे जाळा, हवं ते करा. पण दार उघडा, त्याच्याबरोबर नाल्यापलीकडे जा, आणि रामजीला चौथा खांदा द्या.